समुद्रतळाचा इजारा

मुंबईच्या कापूस-बाजाराला दूरदेशीच्या वार्तेचे मोल १८६५ साली जसे कळले, तसे ते त्यापूर्वी कधी कळले नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला, त्यामुळे वऱ्हाड, खानदेश आणि गुजरात या प्रांतांतील मालाला अपूर्व भाव आला, आणि त्या भावाच्या भरवशावर प्रेमचंद रायचंदांसारख्या धुरंधरांनी बँका, पैसे पुरविणाऱ्या मंडळ्या आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या यांचे एक प्रचंड जाळे उभारले. युद्ध संपल्याची वार्ता येताच तो सारा डोलारा हादरला, आणि वायद्यांच्या चुकतीसाठी मुक्रर झालेल्या १ जुलै १८६५ या दिवशी कोसळला. त्याच वर्षाच्या आरंभी तुर्की मुलखातून विलायतेशी तारेचा संबंध जुळला होता. ज्याच्या हाती लिव्हरपूलचा भाव आधी पडेल तो तरेल आणि जो टपालाच्या बोटीवर विसंबेल तो बुडेल, ही गोष्ट पेढीवरच्या शिकाऊ गुमास्त्यालाही उमगली. आणि साहजिकच, ती वार्ता ज्या वाटेने यायची त्या वाटेचा धनी कोण, हा प्रश्न भावाइतकाच महत्त्वाचा ठरला.

अवाढव्य तंत्र-कंपन्यांची परस्परांशी चाललेली झुंज हे केवळ आपल्याच काळाचे वैशिष्ट्य होय, अशी समजूत अलीकडे फार रूढ झाली आहे. परंतु हिंदुस्थान आणि इंग्लंड यांमधील तारेच्या धंद्यात १८६० पासून १९२९ पर्यंत जी झुंज झाली, तिच्यात भांडवलाची जुळवाजुळव, कच्च्या मालावरील ताबा, सरकारदरबारी मिळविलेल्या सनदा, प्रतिस्पर्ध्यावरील पाळत आणि अखेरीस वैऱ्याशीच केलेली हिस्सेरशी ही सगळी प्रकरणे पूर्णपणे आढळतात. तिचा अभ्यास करताना माझे मत असे बनत गेले आहे, की यंत्राच्या श्रेष्ठतेने या झुंजीतील फार थोडे निकाल लागले. बहुतेक निकाल लागले ते तहनाम्यांनी, आणि त्या तहांचा खर्च ज्यांना तहाला बोलावलेच नव्हते त्यांच्यावर पडला.

पहिला प्रयत्न तांबड्या समुद्रातून झाला. १८५७ च्या उठावाची वार्ता लंडनला पोचण्यास आठवड्यामागून आठवडे लागले, याची धास्ती राज्यकर्त्यांनी इतकी घेतली, की 'रेड सी अँड इंडिया टेलिग्राफ कंपनी'च्या ८ लाख पौंडांच्या भांडवलावर साडेचार टक्के व्याजाची हमी ब्रिटिश सरकारने ५० वर्षांच्या मुदतीने देऊन टाकली. १८५९ आणि १८६० या दोन वर्षांत सुएझपासून एडनमार्गे कराचीपर्यंत तार टाकण्यात आली. पण ती ताणून टाकलेली होती. समुद्रतळाच्या चढउतारांवर ती टेकून बसण्याऐवजी एका उंचवट्यावरून दुसऱ्यापर्यंत लोंबकळत राहिली, तिच्यावर शिंपल्यांचे आणि प्रवाळांचे थर चढले, आणि त्या भाराने ती ठिकठिकाणी तुटली. तार अल्पावधीत मेली, हमी मात्र जिवंत राहिली. जी तार बोलत नव्हती तिच्यापोटी सालीना ३६ हजार पौंड विसाव्या शतकापर्यंत सरकारी तिजोरीतून जात राहिले. यंत्र फसले तरी भागधारक फसू नये, अशी तजवीज करारातच केलेली होती, आणि पुढच्या सर्व मुत्सद्द्यांनी हा धडा नीट गिरवला.

दुसरा मार्ग हिंदुस्थान सरकारने स्वतःच्या खर्चाने बांधला. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती आणि इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर हे तारेचे कट्टे पुरस्कर्ते होते. कर्नल पॅट्रिक स्ट्युअर्ट याच्या देखरेखीखाली १८६४ मध्ये इराणच्या आखातातून ग्वादर ते फाव अशी केबल पडली आणि तेथून बगदादमार्गे कॉन्स्टँटिनोपलपर्यंतच्या तुर्की तारेशी ती जोडली गेली. वीस शब्दांस पाच पौंड असा दर ठरला. परंतु वाटेवरील तुर्की तारमास्तरांस इंग्रजीचा गंध नसे. अक्षरामागून अक्षर ते ज्या रूपात पुढे ढकलीत, त्या रूपात मुंबईच्या व्यापाऱ्याला अर्थ लावावा लागे, आणि संदेश येण्यास कधी आठवडा तर कधी त्याहूनही अधिक काळ लागे. कापसाच्या गासड्यांचा आकडा वाटेत बदलला तर दाद कोणाकडे मागावी, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. स्ट्युअर्ट स्वतः १८६५ च्या जानेवारीत कॉन्स्टँटिनोपल येथेच मरण पावला. तक्रारी इतक्या साचल्या, की १८६६ मध्ये पार्लमेंटास या प्रश्नाच्या चौकशीसाठी कमिटी नेमावी लागली. आणि त्या चौकशीनंतर खासगी भांडवलाला हिंदुस्थानची वाट खुणावू लागली.

या भांडवलाचे दोन प्रवाह होते आणि त्यांचे स्वभाव अगदी भिन्न होते. एक सीमेन्स बंधूंचा. थोरला वेर्नर बर्लिनमध्ये, विल्यम लंडनमध्ये आणि कार्ल रशियात, अशी तीन राजधान्यांत वाटलेली ही भावकी होती. त्यामुळे प्रशिया, रशिया आणि इराण या तिन्ही दरबारांतून सनदा मिळविणे जे इतरांस दुर्घट होते ते यांस साधले. १८६८ मध्ये त्यांनी 'इंडो-युरोपियन टेलिग्राफ कंपनी' स्थापन केली आणि लंडन, बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, तिफ्लिस, तेहरान या वाटेने तार उभारून ती हिंदुस्थान सरकारच्या इराणी तारेस जोडली. १२ एप्रिल १८७० रोजी लंडनहून कलकत्त्यास पाठविलेल्या संदेशाचा व्यवहार २८ मिनिटांत पुरा झाला. या प्रयोगामागे केवढी विद्या होती! ठराविक अंतरावर बसविलेली यंत्रे माणसाचा हात न लागता संदेश पुढच्या टप्प्यावर आपोआप ढकलीत, आणि त्यामुळे तुर्की वाटेवरील दोष मुळातच नाहीसा झाला होता. शुद्ध यंत्रविद्येच्या कसोटीवर पाहिले, तर त्या वर्षी हिंदुस्थानच्या वाटेवर सीमेन्सच्या तारेची बरोबरी करील असे दुसरे काही नव्हते. पण त्याच उन्हाळ्यात भूकंपाने काळ्या समुद्रातील तिचा तुकडा तोडला आणि ऐन मोक्याच्या महिन्यांत ती वाट बंद पडली.

दुसरा प्रवाह जॉन पेंडर या एका माणसात एकवटला होता. तो यंत्रशास्त्रज्ञ नव्हता. स्कॉटलंडात जन्मलेला आणि मँचेस्टरमध्ये कापडाच्या व्यापारात गबर झालेला हा गृहस्थ तारेच्या धंद्यात शिरला तो अटलांटिक महासागरातील केबलच्या नादाने. १८६४ मध्ये त्याने दोन कारखाने एकत्र केले: एक समुद्री तारेला लोखंडी कवच चढविणारा, आणि दुसरा तारेच्या गाभ्यास गटापर्च्याचे वेष्टन देणारा. हा एकत्रित धंदा उभा राहावा म्हणून त्याने अडीच लाख पौंडांची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली. गटापर्चा म्हणजे मलाया आणि बोर्निओ येथील अरण्यांतल्या वृक्षांचा चीक. समुद्राच्या पाण्यात तो कुजत नाही आणि विजेला बाहेर निसटू देत नाही. तो काढण्यासाठी झाड मुळातून तोडावे लागे आणि एका झाडातून अगदी थोडा चीक निघे, त्यामुळे मैलोगणती अरण्ये उघडी पडली. ज्याच्या हाती हा चीक, त्याच्या हाती समुद्रातील तार. आणि पेंडरच्या कारखान्याने त्या शतकातील जगाच्या बहुतांश केबली बनविल्या. प्रतिस्पर्ध्याला तार टाकायची असेल तरी ती विकत घ्यायची याच्याकडून, अशी ही रचना होती. त्याच सुमारास 'ग्रेट ईस्टर्न' हे जगातील सर्वांत मोठे जहाज, ज्यावर बांधणाऱ्यांचे दिवाळे वाजले होते, डॅनिअल गूच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अवघ्या २५ हजार पौंडांत घेतले. प्रवासी वाहण्यास निरुपयोगी ठरलेले ते धूड हजारो मैलांची केबल एकाच खेपेत पोटात घेऊ शकणारे एकमेव जहाज ठरले.

पेंडरचे खरे कसब दिसते ते भांडवलाच्या मांडणीत. इंग्लंडमधील अंतर्गत तारा सरकारने ताब्यात घेण्याचा कायदा १८६८ मध्ये झाला आणि जुन्या कंपन्यांच्या भागधारकांना भरपाईपोटी लाखो पौंड मिळण्याचे ठरले. तारेच्या धंद्याची चव माहीत असलेला हा पैसा नव्या वाटा शोधीत होता. पेंडरने त्याला वाट दिली, पण ती अखंड दिली नाही. माल्टा ते अलेक्झांड्रिया ही एक कंपनी, सुएझ ते एडन आणि तेथून मुंबई ही दुसरी, इंग्लंडहून जिब्राल्टरमार्गे माल्टा ही तिसरी, असे त्याने मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येकाची स्वतंत्र मंडळी स्थापिली. एखाद्या टप्प्यावर केबल बुडाली तर ती एकच मंडळी बुडावी, बाकीच्यांना झळ पोचू नये, हा त्यातील हेतू. सर्व टप्पे यशस्वी होताच १८७२ मध्ये त्या मंडळ्यांचे एकीकरण करून सुमारे ३८ लाख पौंड भांडवलाची 'ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी' त्याने निर्माण केली. जोखीम असेपर्यंत विभक्त आणि नफा सुरू होताच एकत्र, असा हा कुटुंबधर्म होता. पेंडरच्या चातुर्याविषयी मला आदर वाटतो, आणि ज्या समुद्री तारेवर त्या काळी शहाणी माणसे पैसा लावण्यास कचरत होती तिच्यावर त्याने आपले सर्वस्व लावले, हेही विसरता येत नाही.

'ग्रेट ईस्टर्न' १८७० च्या जानेवारीत मुंबईच्या बंदरात आले. उष्ण प्रदेशातील उन्हाने पोटातील गटापर्चा मऊ होऊ नये म्हणून त्याचा काळा देह पांढऱ्या रंगाने रंगविलेला होता, आणि केबलची प्रचंड वेटोळी पाण्याने भरलेल्या लोखंडी टाक्यांत बुडवून ठेवलेली होती. केबलचा छेद घेतला तर मध्यभागी तांब्याच्या पिळलेल्या तारा, त्यांवर गटापर्च्याचे थर, त्यांवर तागाचे वेष्टन आणि सर्वांवर लोखंडी तारांचे चिलखत असे. किनाऱ्याजवळच्या तुकड्याचे चिलखत जहाजांच्या नांगरांपासून बचाव व्हावा म्हणून अधिक जाड केलेले असे. फेब्रुवारीत जहाज मुंबईहून तार सोडीत निघाले आणि सुमारे १८०० सागरी मैलांची केबल टाकून महिनाअखेरीस एडनजवळ पोचले. जूनमध्ये इंग्लंडपर्यंतची साखळी पुरी झाली. २३ जून १८७० च्या रात्री पेंडरच्या लंडनमधील वाड्यात मेजवानी झाली. युवराजांनी तेथूनच सिमल्यास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांस संदेश पाठविला आणि काही मिनिटांत उत्तर आले. त्या रात्री सीमेन्सची वाट भूकंपाच्या दारात होती, आणि पेंडरची वाट राजपुत्राच्या हाताने खुली होत होती.

या तारेच्या मुंबईकडील टोकाशी काम कसे चाले, हे पाहण्याजोगे आहे. इतक्या लांबीच्या केबलमधून येणारा विजेचा प्रवाह इतका क्षीण असे, की त्याने साधे यंत्र हलत नसे. म्हणून विल्यम थॉमसन यांनी शोधलेल्या उपकरणात एक चिमुकला आरसा रेशमाच्या धाग्यावर टांगलेला असे. प्रवाह आला की आरसा किंचित वळे, आणि त्याच्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका अंधाऱ्या खोलीतील पट्टीवर डावीकडे वा उजवीकडे सरके. एक कारकून त्या ठिपक्यावर नजर खिळवून अक्षरे मोठ्याने उच्चारी आणि दुसरा ती उतरवून घेई. पुढे थॉमसन यांनीच केसासारख्या बारीक काचनळीतून शाई सोडणारे यंत्र केले आणि कागदाच्या फितीवर शाईची नागमोडी रेघ उमटू लागली. तिच्या चढउतारांवरून अक्षरे वाचण्यास डोळे तयार व्हावे लागत. रात्रपाळीच्या कारकुनाचा डोळा एका वळणावर चुकला, तर कापसाचा सौदा हजारो रुपयांनी फिरे.

आता मी ज्याला या इतिहासाचे मर्म मानतो त्या तहाकडे येतो. सीमेन्सची वाट दुरुस्त झाली, तुर्की वाट रडतखडत चालू होती, आणि पेंडरने आपली दुसरी केबल टाकून एक तुटली तरी दुसरी चालेल अशी तजवीज केली. आता दरांची चढाओढ होईल आणि तार स्वस्त होईल, अशी अपेक्षा करण्यास मुंबईच्या व्यापाऱ्यांस जागा होती. प्रत्यक्षात झाले असे, की १८७०-८० या दशकाच्या उत्तरार्धात ईस्टर्न कंपनी, सीमेन्स बंधूंची कंपनी आणि हिंदुस्थान सरकारचे इंडो-युरोपियन तार खाते या तिघांनी मिळून एक सामाईक तिजोरी निर्माण केली. युरोप आणि हिंदुस्थान यांमधील संदेशांचे उत्पन्न, मग ते कोणत्याही वाटेने जावोत, एकत्र करायचे आणि ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचे. या एका कलमासरशी दर उतरविण्याचे कोणालाच कारण उरले नाही. ज्याने दर कमी केला, त्याने स्वतःचेच उत्पन्न सर्वांसाठी घटविले, असा तो हिशेब होता.

खासगी कंपन्यांनी आपापसात तह करावा, यात धंद्याच्या दृष्टीने मला आश्चर्य वाटत नाही. दुःख होते ते तिसऱ्या भागीदाराचे. रयतेच्या कराच्या पैशाने ज्याने आखातातील केबल टाकली आणि इराणातील तारा राखल्या, ते सरकारी खाते रयतेच्या वतीने दर उतरविण्यास बांधलेले होते. तेच दर टिकविण्याच्या कराराचे सहीदार झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडकडील तारेस एका शब्दाला चार शिलिंग पडत. रुपयाचा भाव त्या वेळी एक शिलिंग चार पेन्स होता. म्हणजे एका शब्दास तीन रुपये, गिरणीतील मजुराची कित्येक दिवसांची मजुरी. परदेशी गेलेल्या मुलाच्या प्रकृतीची चौकशी तारेने करणे हे मध्यम स्थितीतील कुटुंबास दुरापास्त होते. रॉयटर या वृत्तसंस्थेने १८६६ मध्येच मुंबईत कचेरी उघडली होती. परंतु विलायतेची ताजी तार परवडणारी पत्रे बहुधा इंग्रजी आणि श्रीमंत, आणि मराठी संपादकास जगाची वार्ता त्या पत्रांतून उचलूनच आपल्या वाचकांस द्यावी लागे. जगाची वार्ता कोण वाचू शकेल आणि कोण वाचू शकणार नाही, हे अशा रीतीने सामाईक तिजोरीत ठरत होते.

व्यापाऱ्यांनी त्यावर आपला तोडगा काढला. १८७३ मध्ये क्लॉसन-थ्यू याचा 'ए बी सी' नावाचा सांकेतिक शब्दांचा कोश निघाला, आणि त्याच्यासारखे अनेक निघाले. एका निरर्थक शब्दात 'अमुक गासड्या अमुक भावाने विका, कबुली तारेने कळवा' असे आख्खे वाक्य मावे. पेढ्यापेढ्यांनी स्वतःचे गुप्त कोश केले. कंपन्यांनी त्यावर शब्दाच्या अक्षरांची मर्यादा घातली, कोशकारांनी त्या मर्यादेत बसणारे शब्द रचले, आणि ही लपंडाव-विद्या दोन पिढ्या चालली.

पेंडर १८९६ मध्ये वारला. त्याच्या साम्राज्याला धक्का बसला तो समुद्राबाहेरून. मार्कोनीने १९०१ च्या डिसेंबरात बिनतारी संकेत अटलांटिकपार पोचविले, तेव्हा ईस्टर्न कंपनीने त्याच्यावर पाळत ठेवण्याचे ठरवून नेव्हिल मॅस्केलाइन या, जादूगारांच्या घराण्यातील पण बिनतारी विद्येत निष्णात असलेल्या गृहस्थास नेमले. कॉर्नवॉलमधील पोर्थकर्नो येथे, जिथे कंपनीच्या केबली जमिनीवर येत, तिथून जवळच त्याने उंच डोलकाठी उभारून मार्कोनीचे संदेश टिपले. १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीचे सहकारी फ्लेमिंग यांचे व्याख्यान आणि प्रयोग चालू असता त्याने आपल्या यंत्राने मध्येच टवाळीचे संदेश घुसविले आणि मार्कोनीची गुप्ततेची घोषणा फोल आहे, हे भरसभेत सिद्ध केले. कृत्य असभ्य होते, निष्कर्ष मात्र खरा होता. बिनतारी संदेश कोणीही ऐकू शकतो, हा मुद्दा केबल-कंपन्यांनी पुढे वीस वर्षे सरकारदरबारी वापरला.

तो मुद्दा निकामी झाला १९२० नंतर. मार्कोनी आणि त्याचा सहकारी फ्रँकलिन यांनी लघुलहरींना तारांच्या पडद्याने एका दिशेस वळविण्याची युक्ती सिद्ध केली. पूर्वीच्या प्रचंड केंद्रांस लागणाऱ्या शक्तीच्या अल्पांशात, केबलहून कितीतरी अधिक वेगाने संदेश पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास जाऊ लागले. हिंदुस्थानसाठी या 'बीम' पद्धतीचे प्रक्षेपण-केंद्र पुण्यानजीक खडकी येथे आणि ग्रहण-केंद्र दौंड येथे उभे राहिले, आणि १९२७ मध्ये इंग्लंडातील ग्रिम्सबी व स्केगनेस येथील केंद्रांशी त्यांचा व्यवहार सुरू झाला. महाराष्ट्राच्या उघड्या माळावरील ते खांब आणि मुंबईच्या किनाऱ्यातून निघालेली पेंडरची केबल यांत आता उघड सामना होता. दर उतरले. अल्पावधीत साम्राज्यभरच्या केबलींचा फार मोठा धंदा बीमने ओढून नेला.

अर्धशतकाच्या झगड्यात यंत्राने निर्णायक विजय मिळविण्याची ही पहिली वेळ होती, आणि तो विजय दोन वर्षेही टिकू दिला गेला नाही. पेंडरचा मुलगा सर जॉन डेनिसन-पेंडर तेव्हा ईस्टर्नचा प्रमुख होता. या भावाने धंदा चालणार नसेल तर कंपनी विसर्जित करून साठलेला निधी भागधारकांस वाटून टाकू, असा पवित्रा त्याने घेतला. युद्धकाळात केबलच अधिक सुरक्षित, हे लष्करी मत सरकारच्या मनात घर करून होते. केबली परकीयांच्या हाती जाण्याची धास्ती तर होतीच. १९२८ मध्ये लंडनमध्ये साम्राज्यातील सरकारांची परिषद भरली आणि तिच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये केबल आणि बिनतारी या दोन्ही धंद्यांचे एकीकरण झाले. पुढे १९३४ मध्ये या एकत्रित कंपनीचेच नाव 'केबल अँड वायरलेस' असे ठेवण्यात आले. नव्या मंडळीत केबल-पक्षाचा वाटा बिनतारी-पक्षाहून मोठा होता. बाजारात हरलेल्याने तहात बाजी मारली. हिंदुस्थानातही १९३२ मध्ये त्याच धर्तीवर 'इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी' झाली. खडकी-दौंडची केंद्रे आणि मुंबईची केबल आता एकाच घराच्या दोन खोल्या झाल्या.

आज गूगल आणि मेटा यांसारख्या कंपन्या मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या प्रकाशतंतूंच्या केबली स्वतःच्या पैशाने टाकीत आहेत, ही बातमी वाचताना मला पेंडर आठवतो. पराया वाटेचे भाडे देण्यापेक्षा वाटच आपली करावी, हे धोरण त्याचेच. गटापर्च्याची जागा काचेच्या धाग्याने घेतली आहे आणि केबलची वाट एडनजवळच्या त्याच समुद्रातून जाते.

१९३२ च्या त्या हिंदी कंपनीचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. १ जानेवारी १९४७ रोजी हिंदुस्थान सरकारने ती आपल्या ताब्यात घेऊन 'ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस' हे खाते मुंबईत स्थापिले. १९८६ मध्ये त्याचे 'विदेश संचार निगम' झाले, आणि २००२ मध्ये निगमाच्या व्यवस्थापनाची सूत्रे टाटा समूहाकडे गेली. त्याच वर्षी परदेशी दूरध्वनीचा त्याचा एकाधिकार सरकारने रद्द केला, आणि त्यानंतर परदेशी बोलण्याचे दर जे भराभर कोसळले, ते अमेरिकेत किंवा आखातात मुलगा असलेल्या प्रत्येक मराठी घराने स्वतःच्या बिलावर पाहिले.